आधी भेव लिहा

हातझाडे सर पंख्याखाली बसत नसत. आमचे कार्यालय गोंदियात, राइस मिलच्या सुट्या भागांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होते. एका खोलीत सहा टेबले आणि तीन पंखे. कोपऱ्यातल्या ज्या एका टेबलावर कोणत्याही पंख्याचे पाते येत नव्हते, ते टेबल सरांचे. मे महिन्यात त्यांच्या कानशिलांवरून घाम ओघळत असे, पण ते जागचे हलत नसत. मी रुजू झाले त्या दिवशी मला त्यांच्या शेजारची, म्हणजे बरोबर पंख्याखालची खुर्ची मिळाली. त्यांनी आधी वर पाहिले आणि मग माझ्याकडे.

"मॅडम, त्या हुकाले मी दोन वर्सांपासून पाहून राहिलो. जराशा इकडं सरकून बसा."

मी सरकले नाही. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून आले होते. पंख्याचे वजन, हुकाची जाडी, लोखंड किती ताण सोसते याचा अंदाज मनातल्या मनात बांधून मी निर्धास्त बसले. माझा हिशेब बरोबर होता, हे मी आजही म्हणेन. फक्त तो करण्यापूर्वी मी हूक पाहिला नव्हता.

सर तेव्हा पन्नाशीचे असतील. अंगाने किरकोळ, आवाज खालचा, शर्टाच्या खिशात दोन पेने, पिशवीत दोन छत्र्या. डोळ्यांची तपासणी करायची, तर नागपूरला जाऊन एकाच दिवशी दोन डॉक्टरांना दाखवून येत. कंपनीचे मालक मनीषभैया त्यांच्यावर रोज एक तरी विनोद करीत. "हातझाडेजी, आप तो अपनी परछाई का भी बॅकअप रखते होंगे," असे ते एकदा म्हणाले, तेव्हा सर गंभीरपणे उत्तरले, "परछाई पडते तंवर ठीक हाये, साहेब. ढगाच्या दिवसाचं काय?"

त्यांची सर्वांत प्रसिद्ध सवय पुलाची. आमचा सहकारी बिसेन त्यांना रोज मोटारसायकलवर मागे बसवून आणी. रेल्वेवरच्या उड्डाणपुलाच्या पायथ्याशी सर त्याला थांबायला लावत, खाली उतरत, संपूर्ण पूल कडेने पायी ओलांडत आणि पलीकडे पुन्हा गाडीवर बसत. हेल्मेट डोक्यावरून काढत नसत. आमच्या खिडकीतून तो पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसे, आणि सकाळी पावणेदहाला त्याच्या कठड्याला धरून एक पांढरे हेल्मेट सावकाश सरकत येताना दिसे. खालच्या दुकानातले हमाल एकमेकांना म्हणत, "वो देख, हेल्मेट पैदल आ रहा है."

मी एकदा कारण विचारले. "जमिनीवर पडलो तर कुठं पडलो ते समजते," ते म्हणाले. "पुलावरून पडलो तर दुसऱ्यालेच समजते."

बिरसीच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने दिवसभर आमच्यावरून घिरट्या घालत. आवाज आला की सरांची बोटे कळफलकावर थांबत आणि तो पार विरेपर्यंत थांबून राहत. पहिल्या आठवड्यात मला हा निव्वळ भित्रेपणा वाटला. मग एके दिवशी विमान गेल्यावर ते आपणहून म्हणाले, "या पोट्ट्यांचं मले भेव नाई वाटत. हे रोज उतराची प्रॅक्टिस करून राहिले. ज्यानं एकदाच उतराचं हाये, त्याचं भेव वाटते."

भेव म्हणजे भीती. आमच्या कार्यालयात हा शब्द तांत्रिक परिभाषेसारखा वापरला जाई, आणि तो सरांनी रूढ केला होता. आम्ही लहान संस्थांसाठी, खात्यांसाठी संकेतस्थळे तयार करीत असू. त्यांची तपासणी सरांकडे. कोणतीही चाचणी सुरू करण्यापूर्वी करणाऱ्याने कागदावर एक वाक्य लिहायचे: मला भेव आहे की अमुक होईल. ते वाक्य लिहिल्याशिवाय सर यंत्राला हात लावू देत नसत. सकाळी आल्यावर नमस्काराऐवजी ते विचारीत, "मॅडम, आज भेव काय हाये?" मी सुरुवातीला "काही नाही, सर," म्हणे. त्यावर ते इतक्या काळजीने माझ्याकडे पाहत की मला ताप आला असावा असे मलाच वाटू लागे.

दुसरा नियम याहून विचित्र होता. अहवालात "ठीक आहे" हे शब्द लिहायचे नाहीत. "समाधानकारक" नाही, "योग्य" नाही. काय तपासले, काय बिघडले आणि काय तपासायचे राहिले, एवढेच. मनीषभैया कपाळाला हात लावीत. "अरे भाई, ग्राहक को कुछ तो अच्छा बोलो!" सर म्हणत, "बरं हाये ते मी कायले सांगू? बरं असंल तर ते आपलं आपन सांगते."

या दोन्ही नियमांचे मूळ मला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात कळले. आमच्याकडे एका खात्याचे काम आले होते. वरच्या धरणाचे दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या गावांना मोबाइलवर एक संदेश जाणार. त्यातली लिंक उघडली की माणसाने आपल्या गावाचे नाव निवडायचे, म्हणजे पाणी किती वाजता पोहोचेल, कुठवर चढेल आणि कुठल्या उंच जागी जायचे ते दिसणार. पृष्ठ साधे होते. भीती एकच होती: संदेश सगळ्यांना एकाच वेळी जाईल, म्हणजे सगळे एकाच वेळी लिंक उघडतील, आणि नेमक्या त्या मिनिटाला साइट कोसळली तर?

याचे उत्तर लोड टेस्टने मिळते. एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा, जो शेकडो खोटी माणसे होऊन साइटवर येतो. आधी दहा माणसे, मग पन्नास, मग पाचशे. प्रत्येकाने लिंक उघडायची, गाव निवडायचे, उत्तराची वाट पाहायची. किती सेकंदांत उत्तर आले आणि किती जण रिकाम्या हाताने परतले, हे मोजायचे. प्राथमिक स्वरूपाची चाचणी एका दिवसात उभी राहते. मी तसे सरांना सांगितले.

"खोटी मानसं कशी वागतीन?" त्यांनी विचारले.

"लिंक उघडतील, वाचतील, बंद करतील."

"आमच्या गावात असा एक बी मानूस नाई," सर म्हणाले, आणि रविवारी मला तिकडे घेऊन गेले.

तिरोड्याच्या पुढे, नदीच्या उतारावर त्यांच्या थोरल्या बहिणीचे घर होते. यशोदाबाई, साठीच्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या. आम्ही अंगणात शिरलो तशी त्यांनी हाक मारली, "ये गा भाऊ. रस्त्यात नाल्यावरचे किती पूल पायी आला?" आणि मला पाणी देत म्हणाल्या, "बाई, याले लहानपनी बेंडकाचं भेव वाटे. बेंडूक याले भेऊन पाण्यात उडी मारे, अन् हा बेंडकाले भेऊन घरात."

"बेंडूक शाना होता," सर म्हणाले. "त्याले कुठं जाचं ते ठाऊक होतं. बाई, पानी आलं तर तू कुठं जाशीन?"

"शाळेत. उंचावर हाये."

"कवा निघशीन?"

"मोबाईलवर आल्यावर. आधी कोतवाल सांगे, आता त्याचं कोनी आयकत नाई. ज्यानं त्यानं आपल्या गावाचं नाव आपल्या डोळ्यानं पाह्यल्याशिवाय कोनी हालत नाई."

सरांनी माझ्याकडे पाहिले. मी ते वाक्य लिहून घेतले.

त्या गावात फोनला रेंज फक्त दोन ठिकाणी मिळे: शाळेच्या गच्चीवर आणि ग्रामपंचायतीशेजारच्या सेवा केंद्रात. केंद्रात एकच इंटरनेट जोडणी होती, आणि पडवीत बसून सगळे गाव तिच्यावरच आपापले फोन चालवीत असे. सरांनी केंद्रवाल्या ताईंना विनंती केली आणि पडवीतल्या पंधरा-वीस जणांना आमचे अर्धवट पृष्ठ उघडायला लावले. "समजा पानी येऊन राहिलं," एवढेच त्यांनी सांगितले, आणि स्वतः उकिडवे बसून लोकांच्या चेहऱ्यांऐवजी अंगठ्यांकडे पाहू लागले. पृष्ठ तीन-चार सेकंदांत उघडत होते. पण तेवढा वेळही कोणी थांबेना. एका बाईने तेवढ्यात अकरा वेळा दाबले.

"मानसं नोका मोजू, मॅडम," सर उठत म्हणाले. "बोटं मोजा. भेवलेला मानूस एकदा दाबत नाई."

परतताना त्यांनी मला आपल्या वडिलांच्या गावचा तलाव दाखवला. त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला, मातीच्या लांबलचक पाळीचा, म्हणजे बांधाचा. पाळीवरून चालताना मी प्रथमच त्यांना थोडे सैल झालेले पाहिले. ते सांगू लागले. दर वैशाखात गाव एका माणसाला निवडी. त्याने संपूर्ण पाळ काठी टोचत चालायची आणि संध्याकाळी गावासमोर बोलायचे. नियम असा की "पाळ बरी आहे" हे शब्द त्याने उच्चारायचे नाहीत. फक्त आपल्याला कुठे कुठे भेव वाटले ते सांगायचे: इथे माती भुसभुशीत लागली, तिथे खेकड्याचे बीळ दिसले. मग गाव जाऊन ती ठिकाणे खणून पुन्हा ठोकून घेई.

"पानी पाळीले ढकलून नाई पाडत," सर म्हणाले. "ते बीळ शोधते."

एका वर्षी त्यांच्या आज्याची निवड झाली होती. घरी आज्याच्या लेकीचे लग्न, मांडव पडलेला, पाहुणे आलेले. आजा पाळीवरून भरभर चालला आणि संध्याकाळी म्हणाला, "बरी हाये." श्रावणात पाळ फुटली. माणसे वाचली, पण खालच्या बांधीतले, म्हणजे खाचरांतले, रोवलेले धान वाळूखाली गेले. त्यानंतर आजा उभ्या आयुष्यात कोणत्याही गोष्टीला बरी म्हणाला नाही. कोणी "कसा हायेस?" विचारले, तर कुठे कुठे दुखते ते सांगे.

"मरताना डाक्टरनं इचारलं, आता कसं वाटते? तर म्हने, डावा गुडघा." सर हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते, कारण दोन महिन्यांनी मीही तेच केले, आणि माझ्याकडे तर मांडवही नव्हता.

माझ्याकडे पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचे पत्र होते. रुजू होण्याची तारीख जवळ आली होती, आणि पूरसूचनेचे हे काम माझ्या नावावर पूर्ण झालेले मला हवे होते. मी चाचणी उभारली. बोटे मोजली, खोट्या माणसांना अधीर केले, आकडा पाचशेपर्यंत नेला. साइटची हुबेहूब नक्कल वेगळ्या सर्व्हरवर ठेवली, कारण चालत्या साइटवर प्रयोग करायचा नाही हा सरांचा तिसरा नियम. सगळे शास्त्रशुद्ध.

पहिल्याच फेरीत चाचणी अडली. पहिली काही खोटी माणसे आत गेली आणि बाकीच्यांना उत्तर मिळाले: "कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा." कारण शोधायला मला पाच मिनिटे लागली. साइटच्या दारात सुरक्षेचा एक नियम बसवलेला होता. इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक पत्ता असतो. एकाच पत्त्यावरून एका मिनिटात ठरावीक मर्यादेपलीकडे मागण्या आल्या, तर तो हल्ला समजून त्या पत्त्याला अडवायचे, असा तो नियम. माझी पाचशे माणसे माझ्या एकट्या यंत्रातून येत होती, म्हणून दारात बसलेल्या त्या राखणदाराला मी हल्लेखोर वाटले. ही चाचणीच्या मांडणीतली नेहमीची अडचण आहे, आणि तिच्यावरचा नेहमीचा उपायही मला माहीत होता. नियमाच्या यादीत मी एक ओळ घातली: या पत्त्याला अडवू नये. पुढचे सगळे आलेख सरळ आले.

सर त्या दोन दिवसांत डोळे तपासायला नागपूरला गेले होते. मी भेवाचे वाक्य लिहिले नाही. अहवालाच्या शेवटी लिहिले, "कामगिरी समाधानकारक." मनीषभैयांनी वाचले आणि टाळी दिली. "देखा? ये होता है रिपोर्ट!" अहवाल गेला, खात्याने साइट सुरू केली.

परत आल्यावर सरांनी मला एका शब्दानेही टोकले नाही. त्यांनी फक्त माझ्या चाचणीचे सगळे कागद मागवून घेतले आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. ते तसेच वाचत. दिवसाला चार-पाच पाने. मला तेव्हा त्याचा राग आला होता.

तो दिवस ऑगस्टमधला. वरच्या भागात तीन दिवस पाऊस कोसळत होता. सकाळी खात्याकडून कळले की दरवाजे दुपारी चारला उघडणार आणि संदेश दोनला जाणार. साइटचा पहिला खरा वापर. मनीषभैयांनी पेढे मागवायची तयारी केली होती. बाराला वीस मिनिटे असताना सरांचे बोट एका ओळीवर थांबले.

"मॅडम, हा पत्ता कोनाचा?"

"माझ्या यंत्राचा, सर."

"याले काऊन सोडलं?"

"नियम त्याला अडवत होता. सगळी खोटी माणसे एकाच पत्त्यावरून येत होती ना, म्हणून त्याला तो हल्ला वाटला."

"म्हंजे अडलं होतं."

"हो, पण तो चाचणीचा दोष होता. खरी माणसे वेगवेगळ्या—"

वाक्य माझ्या तोंडात थांबले. केंद्राची पडवी डोळ्यांसमोर आली. पंधरा-वीस माणसे, अकरा वेळा दाबणारा अंगठा आणि भिंतीवरची ती एकच जोडणी. साइटच्या दारात ते सगळे गाव एकाच पत्त्यावरून येणार होते. आणि जे गच्चीवरून मोबाइल कंपनीच्या जोडणीवर येतील, त्यांचीही गत वेगळी नव्हती. कंपन्या कितीतरी फोनांना बाहेर एकच पत्ता देतात, हे मी स्वतः शिकले होते. माझे यंत्र नकळत यशोदाबाईंच्या गावाची अचूक प्रतिकृती झाले होते. ती प्रतिकृती अडली, तेव्हा मी तिला वगळले. पहिले तीन-चार फोन वाचू शकतील. उरलेल्या गावाला आम्ही सांगणार होतो, थोड्या वेळाने प्रयत्न करा.

पंख्याचा आवाज फार मोठा वाटू लागला.

"ती ओळ काढा, अन् पुन्हा चालवा," सर म्हणाले. "एक गाव. चाळीस फोन. बोटं तेवढीच."

मी नकलेवर चालवले. चाळीसपैकी सहा आत गेले. चौतीस अडले, आणि जितके पुन्हा दाबत गेले तितके अधिक वेळ अडत गेले.

सरांनी बहिणीला फोन लावला. संपर्कक्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. केंद्राचा लावला, तो लागलाच नाही. मनीषभैया एव्हाना खात्यातल्या अधिकाऱ्याशी बोलत होते. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. "साहब, नियम की लिमिट बढ़ानी है, बस. हाँ साहब, गलती हमारी है. हाँ, हमारी." पाऊण वाजता परवानगी मिळाली, पण राखणदार पूर्णपणे काढायला खात्याची तयारी नव्हती. मर्यादा वाढवायची, एवढेच.

"मी लगेच वाढवते," मी म्हणाले, आणि चालत्या साइटकडे वळले.

"नाई."

इतका मोठा आवाज त्यांनी कधी काढला नव्हता.

"सर, सव्वा तासच आहे!"

"तुम्ही चाचनी केली तवा राखनदार बाजूले होता. भार पडल्यावर तो कसा वागते ते कोनी पाह्यलं? आज एक गाव अडून राहिलं. तोच पडला अन् पुरी साइट घेऊन पडला, तर नदीकाठचं एक बी गाव पाहू नाई शकनार. आधी नकलेवर. पुरी वीस मिनिटं. अर्ध्यात वाचाचं नाई."

"पण तुमची बहीण—"

"तिचंच भेव हाये मॅडम, म्हनून सांगून राहिलो." मग त्यांनी कोरा कागद माझ्यासमोर सरकवला. "आधी भेव लिवा."

मी लिहिले. मला भेव आहे की मर्यादा वाढवल्यावर राखणदारच कोसळेल. मी नवी मर्यादा नकलेवर बसवली, वेगवेगळ्या पत्त्यांची खोटी गावे मांडली, प्रत्येक गावात अधीर बोटे भरली आणि चाचणी सुरू केली.

सर उभे राहिले. त्यांनी हेल्मेट घेतले आणि बिसेनला म्हणाले, "चाल." हनुवटीखालची कडी त्यांना लागेना; दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बिसेनने लावून दिली. दारातून वळून ते मला म्हणाले, "निकाल तुम्ही वाचा. पुरा वाचा. अन् ठीक हाये म्हनू नोका."

निकाल आधी सांगते, कारण सरांना तो आधी लागे. पहिली फेरी पंधराव्या मिनिटाला पडली. भेव खरे निघाले: कोणत्या पत्त्यावरून किती मागण्या आल्या याच्या नोंदी ठेवता ठेवता राखणदाराचीच मेमरीतली जागा भरली. मी ती जागा वाढवली आणि पुन्हा पुरी वीस मिनिटे चालवली. या वेळी खिडकीबाहेर पाहण्याचे धाडस मला झाले नाही. एक वाजून पन्नास मिनिटांनी चालत्या साइटवर बदल गेला. दोनला संदेश गेला. साइट मंदावली, रांगत राहिली, पण कोणालाही "थोड्या वेळाने" म्हणाली नाही. सर आणि बिसेन चिखलातून गावात पोहोचले, तेव्हा सव्वादोन वाजले होते. यशोदाबाई कपड्यांचे गाठोडे घेऊन शाळेच्या गच्चीवर बसल्या होत्या. भावाला पाहून त्या वरून ओरडल्या, असे बिसेनने नंतर सांगितले, "तू कायले आला गा? मोबाईलवर आलं ना!"

रात्रीतून त्यांच्या घरात कमरेइतके पाणी चढले. माणूस एकही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. त्यांनी अभिनंदन केले नाही आणि रागावलेही नाहीत. "काय राहिलं?" एवढेच विचारले. मी तीन गोष्टी सांगितल्या, ज्यांची मला अजूनही भीती वाटत होती. ते ऐकत राहिले. "लिवून ठेवा," ते म्हणाले. मग बहिणीच्या घरातला गाळ उपसायला ते तिकडेच राहिले आणि माझी पुण्याची तारीख आली. पुढे डोळ्यांमुळे त्यांनी नोकरी सोडल्याचे कळले. फोनवर आम्ही बोलतो. भेट पुन्हा झाली नाही.

म्हणून त्यांचे शेवटचे दर्शन माझ्यापुरते त्याच दुपारचे आहे. ते जिना उतरले आणि मी खिडकीशी गेले. पाऊस थांबून आभाळ दाटून आले होते. बिसेनची मोटारसायकल वळणावरून निघाली आणि उड्डाणपुलाच्या पायथ्याशी, रोजच्या जागी, सवयीने हळू झाली. बिसेनने पाय जवळजवळ टेकवलेच. मागच्या माणसाने हात पुढे करून बिसेनच्या पाठीवर थाप मारली. एकदा, मग पुन्हा, जोरात.

गाडी थांबली नाही. चढ चढू लागली. खालच्या दुकानातले हमाल हातातली पोती तशीच धरून वर बघत राहिले. पुलाच्या मध्यावर, जिथे खाली सर्वांत जास्त रूळ आहेत, तिथे मला ते पांढरे हेल्मेट अखेरचे स्वच्छ दिसले. ते बिसेनच्या पाठीत खोल खुपसलेले होते आणि दोन्ही हातांनी सरांनी त्याला इतके घट्ट आवळले होते की दोघांचा मिळून एकच माणूस दिसत होता.

मग ते पलीकडे उतरले. मी खिडकी सोडली आणि स्क्रीनसमोर बसले. चाचणी संपायला अजून सतरा मिनिटे होती. मी ती अर्ध्यात वाचली नाही.